मयताच्या नावावर निघालेला उतारा: कॅलिफोर्नियातल्या एका मातीच्या वाड्याची गोष्ट

1867 साली अमेरिकेच्या सरकारने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका जमिनीची मालकी कायमची मान्य केली. अर्ज केल्याला पंधरा वर्षं झाली होती. कागद निघाला तो जॉन टेंपलच्या नावाने. जमीन सत्तावीस हजार एकर. अडचण एवढीच, की टेंपल आदल्या वर्षीच वारला होता आणि त्याच वर्षी ही जमीन घरासकट दुसऱ्यांना विकलीही गेली होती.

मयताच्या नावावर सातबारा असणं आपल्याला काही नवं नाही. गावोगाव आजोबा-पणजोबा उताऱ्यावर अजून जिवंत आहेत. पण ही जमीन साधी नव्हती. आज तिच्यावर लाँग बीच नावाच्या मोठ्या बंदराच्या शहराचा बराच भाग वसला आहे. आणि ते घर अजून उभं आहे. नाव रँचो लॉस सेरितोस. स्पॅनिशमध्ये रँचो म्हणजे गुरं राखायची मोठी जमीन, सेरितोस म्हणजे छोट्या टेकड्या. 1844 साली कच्च्या विटांनी बांधलेला हा दुमजली वाडा, आता त्यात संग्रहालय आहे, आणि त्याची ओळख बहुतेक वेळा ‘बिक्सबी या पायोनियर कुटुंबाचं घर’ अशी करून दिली जाते.

पायोनियर या शब्दावर मी थोडा अडतो. पायोनियर म्हणजे आधी येऊन पाय रोवणारा. बिक्सबी इथे आले 1866 मध्ये. घर त्यांनी बांधलं नाही, जमीन त्यांनी वसवली नाही, आणि कुटुंब म्हणून ते या घरात सलग राहिले ती वर्षं जेमतेम पंधरा. मग घर त्यांचं कसं ठरलं? हे समजायचं तर कागद, दुष्काळ आणि व्याज या तिन्हींचा हिशोब मांडावा लागतो.

चराईचा परवाना ते मालकी

सुरुवात टोंगवा लोकांपासून. लॉस अँजेलिसच्या खोऱ्यात आणि समोरच्या बेटांवर हे लोक हजारो वर्षं राहत होते. नदीकाठची गावं, फळ्या जोडून डांबराने सांधलेल्या समुद्रावर जाणाऱ्या होड्या, ओकच्या फळांचं पीठ. जमिनीचा कागद त्यांच्याकडे नव्हता, कारण कागद मागणारं कोणी नव्हतं.

मग स्पॅनिश आले. 1784 मध्ये गव्हर्नर पेद्रो फाहेस याने मानुएल निएतो या शिपायाला जवळपास तीन लाख एकरांवर गुरं चारायची परवानगी दिली. तीन लाख एकर म्हणजे आजच्या बृहन्मुंबईच्या दुप्पट. शेजारच्या सान गाब्रिएल मिशनच्या, म्हणजे धर्मप्रसारकांच्या वसाहतीच्या, पाद्र्यांनी तक्रार केली, की यातली बरीच जमीन आमची. तेव्हा 1790 मध्ये निएतोचा वाटा एक लाख सदुसष्ट हजार एकरांवर आणला. तरी बृहन्मुंबईहून थोडा जास्तच.

इथे एक बारकावा आहे, पुढची सगळी भांडणं त्यातूनच उगवली. निएतोला मिळाली होती ती मालकी नव्हती, तो परवाना होता. जमीन राजाची, गवत तुझ्या गुरांचं. आपल्याकडे इनाम आणि वहिवाट यांत जो फरक, साधारण त्याच जातीचा. 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारने खऱ्या मालकीच्या सनदा द्यायला सुरुवात केली. पद्धत अशी: तुम्ही गव्हर्नरकडे अर्ज करायचा, सोबत जमिनीचा हाताने काढलेला नकाशा जोडायचा. या नकाशाला ‘दिसेन्यो’ म्हणत. त्यात इथे ओढा, तिथे टेकडी, पलीकडे एकटं उभं झाड असं चितारलेलं असे. मोजणी घोड्यावरून. दोन स्वार, मध्ये ठरावीक लांबीचा दोर. एकाने थांबायचं, दुसऱ्याने दोर ताणून पुढे जायचं, की पहिल्याने त्याला ओलांडून आणखी पुढे. हद्दीची खूण म्हणून दगडांचा ढीग, कधी झाडावर घातलेला घाव. आणि सनदेत सहसा एक अट असे: वर्षभराच्या आत जमिनीवर घर बांधून राहायचं. म्हणजे त्या काळात घर हाही एक कागदच होता. भिंती उभ्या राहिल्या की मालकीला साक्षीदार मिळे.

1834 मध्ये गव्हर्नर फिगेरोआने निएतोच्या वारसांमध्ये जमीन वाटून दिली. लॉस सेरितोसचा तुकडा, सुमारे सत्तावीस हजार एकर, निएतोची मुलगी मानुएला कोता हिच्या वाट्याला आला. बाईच्या नावावर एवढी जमीन! स्पॅनिश आणि मेक्सिकन कायद्यात मुलींना वारसा होता आणि लग्नानंतरही स्त्रीची मालमत्ता तिची राहत असे. त्याच काळात इंग्लंडच्या कायद्यात आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत लग्न झालं की बाईची मालमत्ता जवळजवळ नवऱ्याच्या हाती जाई. ही गोष्ट कॅलिफोर्नियाच्या इतिहासात हळू आवाजात सांगितली जाते, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

डॉन हुआन

मानुएलाच्या पश्चात तिच्या वारसांनी 1843 मध्ये जमीन विकली. घेणारा जॉन टेंपल. मूळचा मॅसॅच्युसेट्सचा यांकी, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडचा, व्यापारी. 1827 मध्ये लॉस अँजेलिसला आला, तेव्हा ते शहर कसलं, धुळीतलं एक खेडं. तिथलं पहिलं सर्वसाधारण किराणा-कापडाचं दुकान त्याने काढलं. मग कॅथलिक झाला, मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं, कोता घराण्यातल्या राफाएलाशी लग्न केलं, आणि जॉनचा स्पॅनिश हुआन होऊन लोक त्याला डॉन हुआन, म्हणजे हुआनराव, म्हणू लागले. कोणी याला संधिसाधूपणा म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो: परक्या मुलुखात जमीन घ्यायची तर आधी तिथला माणूस व्हावं लागतं. किंमत मोजली 3,025 डॉलर. एकराला अकरा सेंट.

पुढच्या वर्षी त्याने घर बांधलं. मधला भाग दुमजली, समोर लांब ओटी आणि तिच्यावर लाकडी सज्जा, मागे दोन्ही बाजूंना एकमजली सोपे, मध्ये चौक. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी अशीच रचना, फक्त चौथ्या बाजूला सोप्याऐवजी भिंत आणि फाटक. दोन्ही सोप्यांत लोहार, कोठार, सामान, कामगार. या शैलीला माँटेरे शैली म्हणतात, कारण थॉमस लार्किन नावाच्या दुसऱ्या एका यांकीने 1835 मध्ये उत्तरेच्या माँटेरे गावी असं घर उभारायला घेतलं होतं. भिंती मेक्सिकन मातीच्या, दुसरा मजला आणि सज्जा यांकी सुताराच्या डोक्यातला. म्हणजे घरानेही टेंपलसारखंच दोन्हीकडचं गोत्र लावलेलं.

मातीची भिंत उभी कशी राहते

इथे जरा थांबू, कारण अडोबी, म्हणजे उन्हात वाळवलेली मातीची वीट, हा शब्द ऐकला की लोकांना ती काही गूढ परदेशी वस्तू वाटते. मराठवाड्यातलं, सोलापूरकडचं धाब्याचं घर ज्याने पाहिलं आहे त्याला अडोबी समजवायची गरज नाही. चिकणमाती, वाळू, पाणी आणि गवताचा काड. पायाने तुडवायचं, लाकडी साच्यात भरायचं, साचा उचलायचा, वीट उन्हात टाकायची. काही दिवसांनी उलटवायची, मग उभी करायची. दोन-तीन आठवड्यांत वीट तयार. भट्टी नाही, सरपण नाही. दोन विटांमध्येही मातीचाच लेप.

काड कशाला? ओली माती सुकताना आकसते आणि भेगाळते. काडाच्या धाग्यांमुळे ते आकसणं सगळीकडे सारखं वाटलं जातं आणि भेग मोठी होत नाही. वाळू कशाला? नुसती चिकणमाती फार आकसते, नुसती वाळू एकमेकांना धरत नाही. प्रमाण पुस्तकातून येत नाही, हातातून येतं.

या वाड्याच्या भिंती दोन-तीन फूट जाड आहेत. जाडीचं कारण दुहेरी. एक म्हणजे ताकद: माती दाबाला बरी, ताणाला अगदी कमजोर. वरचं ओझं पेलायला ती जाडच हवी. दुसरं कारण ऊन. दुपारचं ऊन बाहेरच्या पृष्ठभागाला तापवतं, पण ती उष्णता जाड मातीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर बाहेर समुद्राचा गार वारा सुटलेला असतो. दिवस आणि रात्र भिंतीतच एकमेकांना भेटून समजुतीने मिटवतात, आतल्या खोलीपर्यंत भांडण येत नाही. वीज नसलेल्या काळातला हा एसी.

शत्रू एकच, पाणी. वरून पाऊस आणि खालून ओल. म्हणून पाया भाजक्या विटांचा, वरून चुन्याचा गिलावा, आणि सज्जा पुढे काढलेला, म्हणजे पावसाची झड भिंतीवर सरळ बसत नाही. छपरासाठी तिथे एक स्थानिक वस्तू होती: ब्रेआ, म्हणजे जमिनीतून आपोआप उफाळणारं डांबर. लॉस अँजेलिसजवळ त्याची डबकी आजही आहेत. सपाट छपरावर ब्रेआ ओतायचं, की पाणी आत येत नाही. मात्र उन्हाळ्यात ते पातळ होऊन कडेने ओघळतं. वासे, तुळया आणि फळ्यांसाठी रेडवूड लाकूड उत्तरेकडून जहाजाने आणलं, कारण या भागात सरळ उंच झाडं जवळजवळ नव्हतीच.

विसाव्या शतकात अशा अनेक घरांना ‘मजबुती’ म्हणून सिमेंटचा गिलावा चढवला गेला. तो वरून टणक दिसतो. पण आत शिरलेली ओल त्याच्यातून बाहेर पडू शकत नाही, आणि भिंत आतल्या आत पुन्हा चिखल होत जाते. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. कोकणात, देशावर जुन्या वाड्यांची दुरुस्ती काढणाऱ्यांनी हे एक वाक्य तरी गवंड्याला ऐकवावं.

गाय म्हणजे नोट

टेंपलचा धंदा मांसाचा नव्हता. मांस खाऊन खाऊन किती खाणार, आणि बर्फाच्या यंत्राशिवाय ते पाठवणार कुठे? धंदा होता कातड्याचा आणि चरबीचा. बोस्टनची जहाजं सान पेद्रोच्या किनाऱ्याला येत. कातडं देऊन कापड, भांडी, चहा, फर्निचर घ्यायचं. रोख पैसा इतका दुर्मीळ होता की सुकवलेल्या कातड्यालाच लोक गमतीने ‘कॅलिफोर्नियाची नोट’ म्हणत. चरबीपासून साबण आणि मेणबत्त्या. कातडं पूर्वेला जाऊन जोडे होऊन परत येई आणि ज्याच्या गायीचं कातडं त्यालाच चढ्या भावाने विकलं जाई. कापूस पाठवून मँचेस्टरचं कापड विकत घेणाऱ्या देशाला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

गुरं राखणारे घोडेस्वार म्हणजे वाकेरो. त्यांत मोठा भाग स्थानिक आदिवासी होते. 1834 च्या सुमाराला मिशनं मोडली, तेव्हा तिथे राबणाऱ्या आदिवासींना जमीन मिळायची होती. बहुतेकांना ती मिळाली नाही. ते रँचोंवर आले आणि अन्न-वस्त्राच्या बदल्यात राबू लागले. अमेरिकेचं राज्य आल्यावर हाल वाढले. 1850 च्या एका कायद्याने, त्याच्या नावात ‘संरक्षण’ असा शब्द होता, भटकताना सापडलेल्या आदिवासीला पकडून त्याची मजुरी लिलावात विकता येई. लॉस अँजेलिसमध्ये असे लिलाव नियमाने होत. ओटीवरची आरामखुर्ची बघताना हे आठवलं की खुर्ची तितकी आरामाची राहत नाही.

1848 मध्ये उत्तरेला सोनं सापडलं आणि एकाएकी हजारो भुकेले खाणकरी आले. आता गायीचं मांसच सोनं झालं. दोन-चार डॉलरची गाय उत्तरेत पन्नास डॉलरच्या वर जाऊ लागली. दक्षिणेतल्या रँचेरोंनी, म्हणजे रँचोंच्या मालकांनी, गुरं हाकत नेली, पैसा आला, चांदीची खोगिरं आली, आणि सावकारही आले.

कागदाची परीक्षा

2 फेब्रुवारी 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेचा मान राखला जाईल असं तहात आश्वासन होतं. पण सोन्यामागे आलेल्या हजारो अमेरिकनांना शेतजमीन हवी होती, आणि त्यांचा सवाल होता: दोराने मोजलेल्या, झाडावर घाव घालून आखलेल्या या अवाढव्य जमिनी खऱ्या कशावरून?

म्हणून 1851 चा जमीन कायदा आला. तीन आयुक्तांचं मंडळ नेमलं. प्रत्येक रँचेरोने दोन वर्षांत आपला दावा मांडायचा आणि स्वतः सिद्ध करायचा. मुदत चुकली की जमीन सरकारजमा. इथेच मेख आहे. नेहमीच्या न्यायात तक्रार करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. इथे जो पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे त्यानेच सिद्ध करायचं की हे माझं.

मराठी वाचकाला यात एक ओळखीची हाक ऐकू येईल. आपल्याकडे मुंबई इलाख्यात 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. तिथेही हाच प्रकार: सनद दाखवा, नाहीतर इनाम गेलं. दोन खंडांत, एका वर्षाच्या अंतराने, दोन सरकारांना एकच युक्ती सुचली. जुनी सत्ता गेली की तिची शाई आधी संशयित ठरते.

कॅलिफोर्नियात 813 दावे दाखल झाले, त्यातले 604 अखेरीस मान्य झाले. म्हणजे कायद्याने जमिनी सरसकट हिसकावल्या असं म्हणता येत नाही. पण मंडळाच्या निकालावर सरकार अपील करी, मग जिल्हा न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय, मग मोजणी, मोजणीवर पुन्हा हरकत. अंतिम कागद हाती पडायला सरासरी सतरा वर्षं लागली. वकील इंग्रजीत, फी डॉलरमध्ये, आणि बैठका बहुतेक सान फ्रान्सिस्कोत. त्यात अमेरिकन राजवटीने जमिनीवर दरवर्षी रोख कर बसवला, जो मेक्सिकन काळात नव्हता. ज्याच्याकडे हजारो एकर आणि हजारो गुरं आहेत पण पेटीत रोकड नाही, त्याने करायचं काय? गहाणखत.

व्याजाचा दर महिन्याला तीन टक्के, कधी त्याहून जास्त, आणि तोही चक्रवाढ. हुलियो वेर्दुगो या रँचेरोने 1861 मध्ये 3,445 डॉलर महिना तीन टक्क्यांनी घेतले. दशक संपेपर्यंत त्याचे 58,750 झाले. हे खोटं वाटतं म्हणून मी स्वतः मोजून पाहिलं: महिना तीन टक्के चक्रवाढीने आठ वर्षांत मुद्दल सतरा पट होतं. आकडा बरोबर बसतो. त्यात सावकाराने हिशोबात काही लबाडी केली नव्हती, हेच जास्त भयंकर.

टेंपल यांकी होता, इंग्रजी त्याची मातृभाषा, शहरात इमारती होत्या, व्यापार होता. त्यामुळे तो इतरांसारखा बुडाला नाही. पण आभाळापुढे त्याचंही चाललं नाही. 1861 च्या डिसेंबरपासून आठवडेच्या आठवडे पाऊस कोसळला, पूर आले, गुरं वाहून गेली. लगेच मागोमाग 1862 ते 1864 अवर्षण. पुराने उगवलेलं गवत करपलं, विहिरी आटल्या, आणि गुरं शेकड्यांनी मरून पडली. पुष्कळ ठिकाणी मेलेल्या गायीचं कातडं सोलून विकणं एवढंच उत्पन्न उरलं. शेजारच्या लॉस आलामितोस रँचोचा मालक एबल स्टर्न्स, त्या भागातला बहुधा सर्वांत मोठा जमीनदार, त्याने ती जमीन 1861 मध्ये वीस हजार डॉलरला गहाण टाकली होती. दुष्काळानंतर ती सावकाराच्या घशात गेली. टेंपलने 1866 मध्ये लॉस सेरितोस विकलं. किंमत वीस हजार डॉलर. काही महिन्यांत तो सान फ्रान्सिस्कोत वारला. आणि पुढच्या वर्षी सरकारचा कागद आला.

बिक्सबी आणि मेंढरं

विकत घेणारी पेढी ‘फ्लिंट, बिक्सबी अँड कंपनी’. बेंजामिन आणि थॉमस फ्लिंट हे दोघे भाऊ, आणि त्यांचा नात्यातला भाऊ लुएलिन बिक्सबी. तिघे मेन राज्यातल्या नॉरिजवॉक गावचे. सोन्यासाठी आले होते, पण लवकर त्यांच्या ध्यानात आलं की सोनं खणणाऱ्यापेक्षा त्याला जेवायला घालणारा जास्त कमावतो. 1853 मध्ये ते पूर्वेला परत गेले, इलिनॉयमध्ये सुमारे दोन हजार मेंढरं घेतली आणि ती चालत चालत, मैदानं, डोंगर, सॉल्ट लेक आणि मग वाळवंट ओलांडून, कॅलिफोर्नियात आणली. थॉमसने वाटेवर रोजनिशी ठेवली. आपल्या धनगरांना मेंढरांमागची वाट काय असते ते ठाऊक आहे. पण परत न येण्याच्या बोलीवर अर्धा खंड चालत जायचं, हे त्यांनाही जरा जास्तच वाटेल. पायोनियर म्हणायचंच असेल तर मी त्यांना या चालण्यासाठी म्हणेन, घरासाठी नव्हे.

लॉस सेरितोसचा कारभार लुएलिनचा धाकटा भाऊ जोथम याच्याकडे आला. 1869 मध्ये त्याने निम्मा हिस्साही विकत घेतला. गुरं गेली, मेंढरं आली. बदलाचं कारण दूरवर होतं: अमेरिकेतलं यादवी युद्ध. 1861 ते 1865 दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस बाजारातून गायब झाला आणि लोकरीला भाव चढला. याच नाकेबंदीने मुंबईतही पैशाचा पूर आणला होता. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला सोन्याच्या भावाने गेला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच मुंबईतल्या पेढ्या कोसळल्या. एकाच युद्धाने इकडे कापसाचे शेठ केले, तिकडे लोकरीचे. लोकरवाले निदान आणखी काही वर्षं तगले.

भर काळात या एका रँचोवर तीस हजार मेंढरं होती. कातरणी वर्षातून दोनदा. गावोगाव फिरणाऱ्या कातऱ्यांच्या टोळ्या येत, बहुतेक मेक्सिकन, आणि वाड्याजवळ तळ टाकत. कातरलेली लोकर भरायला पुरुषभर उंचीहून लांब पोती चौकटीवर टांगत आणि आत एक माणूस उतरून लोकर पायाने तुडवत असे. पोतं भरत जाई तसा तो वर येई. मग मेंढरांना तंबाखू आणि गंधकाच्या गरम काढ्याने भरलेल्या हौदातून पोहायला लावायचं, खरजेवर इलाज म्हणून. वर्षाला दोन लाख पौंड, म्हणजे नव्वद हजार किलोच्या आसपास लोकर सान पेद्रोहून जहाजाने सान फ्रान्सिस्कोला जाई.

घरात जोथम, त्याची बायको मार्गारेट आणि त्यांची मुलं. मार्गारेट हॅथवे घराण्यातली. तिची एक बहीण लुएलिनला दिली होती. ती वारल्यावर दुसरी बहीण त्यालाच दिली. आणि आणखी एक बहीण बिक्सबींच्या जॉन या चुलत भावाला. एका घरातल्या चार मुली एकाच घराण्यात. आपल्याकडची आत्याबाई हे ऐकून म्हणाली असती, बरं झालं, हुंड्याचा हिशोब एकाच वहीत. जॉन पुढे शेजारच्या, दुष्काळात गेलेल्या त्याच लॉस आलामितोसवर गेला. म्हणजे दोन बहिणी आणि दोन भाऊ एकमेकांना लागून असलेल्या दोन रँचोंवर. लुएलिनची मुलगी सारा लहानपणी या दोन्ही घरांत खेळली, आणि 1925 मध्ये तिने आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. लॉस सेरितोस ‘बिक्सबींचं घर’ म्हणून लोकांच्या डोक्यात बसलं, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. मानुएला कोताने आठवणी लिहिल्या नाहीत. वाकेरोंनी आणि स्वयंपाकघरातल्या चिनी आचाऱ्यांनीही नाहीत.

शहर आलं

1870 च्या दशकाच्या मध्याला लोकरीचे भाव उतरले, पुन्हा दुष्काळ पडला, आणि जोथमने ओळखलं की आता कळपापेक्षा प्लॉट बरे. जमीन तुकड्यांनी भाड्याने आणि विक्रीला निघाली. 1880 च्या सुमाराला विल्यम विलमोर नावाच्या इंग्रजाने समुद्राकडच्या चार हजार एकरांवर वसाहत आखली, विलमोर सिटी. ती फसली, 1884 मध्ये तो निघून गेला, आणि नव्या मालकांनी नाव ठेवलं लाँग बीच. 1881 मध्ये जोथमचं कुटुंब लॉस अँजेलिसला राहायला गेलं. वाडा भाडेकरूंकडे गेला, मग ओस पडत गेला. छप्पर गळू लागलं की मातीच्या घराचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

1921 च्या जूनमध्ये शेजारच्या सिग्नल हिल टेकडीवर तेल लागलं. पहिल्या विहिरीचं नाव आलामितोस नंबर एक. ज्या गवतासाठी इतकी वर्षं भांडणं झाली, त्याच्या खाली हे होतं.

लुएलिनचा मुलगा, त्याचंही नाव लुएलिनच, त्याने 1930 मध्ये वाडा दुरुस्त करायला घेतला. वीज आली, नवे नळ आले, बाग नव्याने आखली, काचेची पडवी झाली. आणि छपरावर लाल कौलं चढली. त्या काळात कॅलिफोर्नियाला आपल्या स्पॅनिश भूतकाळाचं वेड लागलं होतं. ज्यांच्याकडून जमिनी गेल्या त्यांच्या घरांची नक्कल जो तो करत होता. गंमत ही, की 1844 च्या या खऱ्या घरावर कौलं कधी नव्हतीच. टेंपलने ब्रेआ घातलं होतं, नंतर लाकडी फळ्या आल्या. खरं घर अधिक स्पॅनिश दिसावं म्हणून त्याच्यावर खोटं छप्पर बसवलं गेलं.

10 मार्च 1933 ला लाँग बीचमध्ये 6.4 तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे 120 माणसं गेली, पक्क्या विटांच्या कितीतरी शाळा कोसळल्या. संध्याकाळची वेळ म्हणून वर्ग रिकामे होते, एवढंच नशीब. मातीचा वाडा राहिला. 1955 मध्ये तो शहराने विकत घेतला, 1970 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरला.

आता त्याच्याभोवती पाच एकरांहूनही कमी जागा उरली आहे. खालच्या बाजूला गोल्फचं मैदान. पलीकडे नदी, काँक्रीटच्या पाटात बांधलेली. समुद्र, जो कधी या रँचोची दक्षिण हद्द होता, तो शहराच्या आणि बंदराच्या मागे कुठेतरी. सज्जातून दिसत नाही. आतल्या खोल्या जोथम-मार्गारेटच्या काळासारख्या मांडल्या आहेत, 1870 च्या दशकातल्या. त्यांच्या डोक्यावर मात्र 1930 ची कौलं आहेत. ती काढावीत का, असं कोणी विचारलंच तर माझं उत्तर नाही असं आहे. पाऊस तीच अडवत आहेत.